वर्तमान क्षण नेमका किती? काळ आणि 'आत्ता' यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान इंदुरात काळाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. 'आत्ता' म्हणताना आपल्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात: घड्याळातली खूण, मनाला एकसंध जाणवणारा तुकडा, आणि या घडीला खरोखर अस्तित्वात असलेलं सगळं. नेहमी येणारे बहुतेक प्रश्न या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे अडतात. म्हणून उत्तरंही साधारण याच क्रमाने दिली आहेत: आधी घड्याळ, मग मन, मग जग.

इंदुरात घड्याळातले बारा आणि डोक्यावरच्या सूर्याचे बारा जुळत का नाहीत?

कारण घड्याळातली वेळ इंदूरची नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे. इंदूर साधारण ७५.८६ अंशांवर येतं. पृथ्वीला एक अंश वळायला ४ मिनिटं लागतात, तेव्हा ६.६४ गुणिले ४, म्हणजे सुमारे साडेसव्वीस मिनिटं आपण मागे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा राजवाड्यावरच्या सूर्याचे सरासरी ११ वाजून साडेतेहेतीस मिनिटं झालेली असतात. हाच फरक ग्वाल्हेरला सुमारे १७ मिनिटं आहे आणि बडोद्याला ३७.

यात आणखी एक फरक मिसळतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर एकाच चालीने मध्यान्ह गाठत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सरासरीच्या सव्वासोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वाचौदा मिनिटं मागे. म्हणून इंदुरातला मध्यान्ह नोव्हेंबरात १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास होतो आणि फेब्रुवारीत १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या सुमारास हा दुसरा फरक शून्यावर येतो. पडताळा घ्यायचा असेल तर हे दिवस सोयीचे.

मध्यान्ह घरच्या गच्चीवर कसा काढायचा?

सुमारे एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, खडू, सुतळी आणि फोनमधलं घड्याळ एवढं पुरतं. गच्ची सपाट आहे का ते पाणी ओतून पाहा; उतार असेल तर जाड फळी टाकून ती समतल करा. काठी ओळंब्याने उभी करा. सकाळी अकराच्या सुमारास सावलीचं टोक जिथे असेल तिथपर्यंत सुतळी ताणून, काठीचा पाया मध्य धरून वर्तुळ आखा आणि वेळ लिहा. सावली आखडत आत जाईल, दुपारनंतर पुन्हा लांबत येईल. टोक परत वर्तुळाला टेकलं की वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य हा तुमचा मध्यान्ह. समजा पहिली खूण ११:०५ ला आणि दुसरी १:४८ ला मिळाली, तर मध्यान्ह १२ वाजून साडेसव्वीस मिनिटांनी.

सगळ्यात आखूड सावलीची वाट पाहत बसू नका, बहुतेकांची तीच चूक होते. मध्यान्हाच्या आगेमागे सावलीची लांबी इतकी हळू बदलते की पाच-दहा मिनिटांचा फरक डोळ्याला कळत नाही. दुसरी अडचण सावलीच्या धूसर टोकाची. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सेंटीमीटरभर तरी पुसट असतं. काठी लांब केली की पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यापेक्षा टोकावर बारीक भोक पाडलेला पत्रा बसवा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात इंदुरात सूर्य मध्यान्हाला जवळपास थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत वर्तुळ सकाळी लवकर आखावं लागतं, आणि जुलैत ढगांमुळे दुसरी खूण हमखास हुकते.

पण त्यात मध्यान्हाचा क्षण कुठे दिसला?

कुठेच नाही, आणि हा प्रयोग सुचवण्याचं कारण तेच आहे. मध्यान्ह झाला हे तुम्हाला पावणेदोननंतर कळतं, एका अलीकडच्या आणि एका पलीकडच्या खुणेवरून. मध्यान्ह ही दोन भागांमधली सीमा आहे. ॲरिस्टॉटलने 'आत्ता'बद्दल हेच म्हटलं होतं: तो काळाचा भाग नाही, भूत आणि भविष्य यांची हद्द आहे. हद्दीला रुंदी नसते, म्हणून ती नसतेच असं मात्र म्हणता येत नाही. इंदूर आणि उज्जैन या जिल्ह्यांच्या सीमारेषेवर घर बांधता येणार नाही. तरी कोणतं शेत कुठल्या जिल्ह्यात हे त्या रेषेवरूनच ठरतं.

पुण्या-मुंबईचं पंचांग इंदुरात चालतं का?

निम्मं चालतं. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावर ठरते, त्यामुळे तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असतो. तो घड्याळी वेळेत छापला असेल तर मुंबईचा आकडा इंदुरातही बरोबर. घटी-पळांत दिला असेल तर चुकेल, कारण घटी स्थानिक सूर्योदयापासून मोजतात (१ घटी म्हणजे २४ मिनिटं, १ पळ म्हणजे २४ सेकंद). इंदुरातला सूर्योदय मुंबईच्या आधी होतो: जूनमध्ये सुमारे १९ मिनिटं, डिसेंबरात जेमतेम चार-पाच मिनिटं. तिथी नेमकी या फटीत संपली तर एका शहरात सूर्योदयाला एक तिथी आणि दुसऱ्यात दुसरी, आणि उपासाचा दिवस बदलू शकतो. राहुकाळही सूर्योदयावरून काढतात, तोही स्थानिकच घ्यावा.

क्षण म्हणजे किती सेकंद?

कोणाच्या हिशेबाने, ते आधी सांगावं लागतं. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या कोष्टकात २ घटी म्हणजे १ क्षण, म्हणजे ४८ मिनिटं. त्याच कोष्टकातलं त्रुटी हे माप मात्र सेकंदाचा सुमारे ३३,७५० वा भाग येतं. वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या अभिधर्मकोशात १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा लव, ३० लवांचा मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा अहोरात्र. भागाकार केला की क्षण सेकंदाचा ७५ वा भाग येतो.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात क्षणाला आकडाच नाही. एक परमाणू आपली जागा सोडून लगतच्या जागी पोहोचायला जेवढा काळ लागतो तो क्षण. भाष्यकार पुढे म्हणतात की दोन क्षण कधीच एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त, दिवस, रात्र हे सगळे समूह बुद्धीने जुळवलेले आहेत. सूर्यसिद्धान्तही वेगळ्या वाटेने जवळपास इथेच येतो. प्राण, म्हणजे एका श्वासाएवढा ४ सेकंदांचा काळ, आणि त्याहून मोठी मापं मूर्त. त्रुटी आणि तिच्यासारखी मापं अमूर्त. जे व्यवहारात मोजता येतं आणि जे फक्त हिशेबात येतं, यांच्यातली ही रेघ फार मोलाची आहे. आजचा अणुघड्याळाचा सेकंद, सीझियमची ९,१९,२६,३१,७७० स्पंदनं, प्राणाच्या बाजूला बसतो. प्लांक काळ, म्हणजे दशांशचिन्हानंतर ४३ शून्यं लिहून मग ५४, हा अजून तरी त्रुटीच्याच बाजूला आहे.

मनाचं 'आत्ता' किती लांब असतं?

एकच आकडा मागू नका, कारण काम बदललं की आकडा बदलतो. दोन 'टिक' आवाज दोन आहेत हे कळायला कानाला २-३ सहस्रांश सेकंदांचं अंतर पुरतं. त्यातला आधीचा कोणता हे सांगायला मात्र सुमारे २० सहस्रांश लागतात. हे १९६१ साली हर्श आणि शेरिक यांनी मोजलं. म्हणजे मध्ये एक पट्टा असा आहे की दोन घटना वेगळ्या कळतात, पण त्यांचा क्रम कळत नाही. 'आधी' आणि 'नंतर' ही जाणीव नुसत्या वेगळेपणाहून महाग आहे, हे या एका मोजमापातून जितकं स्पष्ट होतं तितकं पानंच्या पानं वाचून होत नाही.

याच्याही वर मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेला 'भासमान वर्तमान' येतो: वाक्याचा एक तुकडा किंवा सुरांची एक छोटी जागा आपण एकत्र धरतो तो काळ, साधारण दोन-तीन सेकंदांचा.

शिवाय मेंदू थोडा थांबून निकाल देतो. ईगलमन आणि सेनोव्स्की यांनी २००० साली दाखवलं की चमक झाल्यानंतरच्या सुमारे ८० सहस्रांश सेकंदांत जे घडतं त्यावरून चमक 'तेव्हा कुठे दिसली' हे ठरतं. जाणवलेलं आत्ता हे थोडं मागचं, जुळवून बसवलेलं आत्ता असतं.

हे स्वतः पडताळून पाहता येईल का?

एक मोकळं मैदान आणि एक सोबती लागेल. सोबत्याने लाकडाचे दोन ठोकळे डोक्यावर धरून एकमेकांवर आपटायचे. टाळीत हात नेमके कधी टेकले ते लांबून कळत नाही, ठोकळ्यांना पांढरा रंग असेल तर बरं. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळपास ३ सहस्रांश सेकंद. दहा मीटरवर ३० सहस्रांशांचा उशीर होतो आणि तरी ठोका आणि आवाज एकत्रच वाटतात. चाळीस मीटरच्या पुढे, म्हणजे उशीर १२० सहस्रांशांच्या वर गेला की, बहुतेकांना फट जाणवायला लागते.

अंतरं क्रमाने वाढवत नेलीत तर प्रयोग फसतो, कारण आता फट दिसणार या अपेक्षेने ती आधीच दिसते. चिठ्ठ्या टाकून अंतर ठरवा. भिंतीजवळ करू नका, प्रतिध्वनी घोटाळा करतो. एका अंतरावर दहापेक्षा जास्त ठोके सलग ऐकू नका. उशिरा येणारी तीच जोडी सारखी ऐकली की मेंदू ती जुळवून घेतो आणि फट बुजते.

सुरावट ऐकताना मागचे सूर कुठे असतात?

हा जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लचा प्रश्न, १९०५ च्या व्याख्यानांतला. मागचा सूर आत्ता वाजत नाही. तो आत्ता आठवावा लागतो असंही नाही; आठवण काढायला गेलात तर पुढचा सूर निसटेल. हुसर्लच्या मते प्रत्येक जाणिवेत तीन अंगं असतात: नुकतंच गेलेलं धरून ठेवणं, आत्ताचा ठसा, आणि येणाऱ्याकडे झुकणं.

इंदुरात हे समजावायला उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित झूमऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. झूमरा १४ मात्रांचा, ३-४-३-४ असे खंड. अतिविलंबित लयीत एक आवर्तन जवळपास मिनिटभराचं होतं आणि एक मात्राच चार सेकंदांच्या घरात जाते, म्हणजे भासमान वर्तमानापेक्षा मोठी. नुसती मात्रा धरून बसलं तर लय हातातून सुटते. तबलजी मात्रेच्या पोटात तिरकिट भरतो ते याचसाठी. ती भरणी दोन-तीन सेकंदांच्या आतले टप्पे देते आणि कान त्यांवरून चालत राहतो. तेराव्या-चौदाव्या मात्रेला श्रोते समेच्या दिशेने सरसावतात. सम अजून आलेली नसते, पण तिचं येणं त्यांच्या आत्तामध्ये असतं. हुसर्लच्या तिसऱ्या अंगाविषयी शंका असेल तर हे ठेक्यासकट ऐका.

'वर्तमानात जगा' हे शक्य आहे का?

लक्ष विखुरू देऊ नका एवढ्या अर्थाने शक्य आहे आणि चांगलंही आहे. भूतकाळ आणि भविष्य वगळून उरलेल्या शुद्ध क्षणात राहणं शक्य नाही, कारण तसा क्षण जाणिवेला मिळतच नाही. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटनांच्या आठवणी साठवणं त्यांना जवळजवळ अशक्य झालं. तरीही ते वाक्य पूर्ण करू शकत, संभाषण करू शकत. म्हणजे नुकतंच गेलेलं धरून ठेवण्याचं अंग शाबूत होतं. तेही गेलं असतं तर वाक्याच्या शेवटी कर्ता कोण होता हेच कळलं नसतं.

वर्तमान नाहीच, हा जुना युक्तिवाद काय आहे?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्यासाठी आधी मांडलेला विरोधी पक्ष, म्हणून येतो: 'वर्तमानाभावः पततः पतितपतितव्यकालोपपत्तेः'. देठापासून सुटलेलं फळ जमिनीकडे येत आहे. त्याच्या वरचा मार्ग पडून झालेला, खालचा पडायचा राहिलेला. मध्ये तिसरा मार्ग उरत नाही, मग 'पडतं आहे' असा काळ कुठला? संत ऑगस्टीनही आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात याच अडचणीपाशी येतो. शतक चालू म्हणावं तर त्यातलं एकच वर्ष चालू, वर्षातला एकच महिना, आणि असं करत करत हाती लांबी नसलेला बिंदू उरतो. काळ मनात मोजला जातो, असं उत्तर तो काढतो.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, वेगळी वाट धरतात, आणि आमच्या मते ती जास्त भक्कम आहे. सूत्रकाराचं पहिलं उत्तर: वर्तमान नसेल तर भूत-भविष्यही उरणार नाहीत, 'तदपेक्षत्वात्', कारण ते वर्तमानाच्या संदर्भातच ठरतात. ते एकमेकांवरूनही ठरवता येत नाहीत. जे भविष्य नाही ते भूत आणि जे भूत नाही ते भविष्य, एवढ्याने दोन्हींपैकी एकही हाती लागत नाही. दुसरं उत्तर: वर्तमान नसेल तर प्रत्यक्ष ज्ञानच होणार नाही, कारण इंद्रियाचा संबंध असलेल्या वस्तूशीच येतो. प्रत्यक्ष गेलं की अनुमान आणि शब्दप्रमाणही गेलं.

खरी किल्ली न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्याकडे आहे. काळ मार्गावरून व्यक्त होत नाही, तो क्रियेवरून व्यक्त होतो. पूर्वपक्षाने फळाचा मार्ग दोन तुकड्यांत कापला आणि मधली जागा शून्य दाखवली. पण 'पडतं आहे' हे मार्गाच्या तुकड्याचं वर्णन नव्हतंच, ते चालू क्रियेचं होतं. क्रिया चालू म्हणजे काय हे सांगायला वात्स्यायन भात शिजवतो: भांडं चुलीवर ठेवणं, पाणी ओतणं, तांदूळ घालणं, सरपण सारणं, जाळ करणं, पळीने ढवळणं, पेज गाळणं, भांडं उतरवणं. आठ कामं, पण एका हेतूने बांधलेली, म्हणून 'शिजवतो आहे' हा एकच वर्तमान. लाकूड फोडण्यात कामं वेगळी नाहीत, एकच काम पुन्हा पुन्हा आहे: कुऱ्हाड उचलणं आणि मारणं. तोही एकच वर्तमान. दोन घावांच्या मधल्या वेळात कुऱ्हाड हवेत असते. तेव्हा तो माणूस लाकूड फोडत नाही असं कोणी म्हणत नाही.

नागार्जुनाला हे उत्तर पुरतं का?

पूर्ण पुरत नाही. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की गेलेल्या वाटेवर जाणं होत नाही, न गेलेल्या वाटेवरही नाही, आणि या दोन्हींहून वेगळी 'जात असलेली' वाट मिळत नाही. वात्स्यायनाची क्रिया यातून सुटते. पण त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथातल्या 'कालपरीक्षा' प्रकरणात त्याचा रोख वेगळा आहे. वर्तमान आणि भविष्य भूतकाळाच्या अपेक्षेने सिद्ध होत असतील, तर ते भूतकाळातच असायला हवेत. तिथे नसतील तर अपेक्षा कशाच्या जोरावर? नैयायिकांनी भूत-भविष्याच्या परस्परसापेक्षतेवर जो प्रहार केला, तोच इथे तिन्ही काळांवर होतो. क्रियेला हेतूने बांधलं म्हणाल तर तो हेतू, म्हणजे शिजलेला भात, अजून आलेलाच नाही. ही फट खरी आहे आणि तिथे विचार थांबू नये.

मॅक्टॅगर्टचा युक्तिवाद थोडक्यात?

मॅक्टॅगर्ट या इंग्रज तत्त्वज्ञाचा, १९०८ चा. घटना दोन रीतींनी लावता येतात: भूत-वर्तमान-भविष्य अशी एक माळ, आणि आधी-नंतर अशी दुसरी. दुसरी माळ कधी बदलत नाही. १९०६ हे १९५५ च्या आधी, ते कायमचं. बदल पाहिजे तर पहिली माळ पाहिजे, आणि बदलाशिवाय काळ नाही. पण पहिल्या माळेतली विशेषणं परस्परविरोधी आहेत आणि प्रत्येक घटनेला तिन्ही लागतात. 'एकाच वेळी लागत नाहीत' असं म्हणाल तर त्या वेळांना पुन्हा तीच विशेषणं लावावी लागतात, आणि शेवट येत नाही. म्हणून काळ खरा नाही.

चर्चा नेहमी शेवटच्या पायरीवर घसरते. घटनेला तिन्ही विशेषणं 'आहेत' हे वाक्य काळाबाहेर उभं राहून बोललेलं आहे. वर्तमानवादी, म्हणजे फक्त वर्तमानच आहे असं मानणारा, ते पहिल्याच पावलाला नाकारतो: तिला एक आहे, दुसरं होतं.

भूत आणि भविष्य अस्तित्वात आहेत का?

तीन मुख्य मतं आहेत. फक्त वर्तमान आहे, तिन्ही काळ सारखेच आहेत, किंवा भूत आणि वर्तमान आहेत, भविष्य नाही, आणि जग कडेने वाढत जातं (हे सी. डी. ब्रॉडने १९२३ मध्ये मांडलं).

दुसरं मत आधुनिक पाश्चात्त्यांचं समजलं जातं, पण सर्वास्तिवादी बौद्धांनी ते फार बारकाईने मांडलं होतं. तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे जगाचे मूलघटक, असतात, मग त्यांच्यात फरक काय? त्यांच्यातल्या वसुमित्राचं उत्तर मोजणीच्या सोंगटीचं: तीच सोंगटी एककाच्या घरात एक, दशकाच्या घरात दहा, शतकाच्या घरात शंभर. सोंगटी बदलत नाही, अवस्था बदलते, आणि जो धर्म आपलं कारित्र, म्हणजे कार्य, करत असतो तो वर्तमान. नैयायिकांचा कट्टर विरोधी पक्षही वर्तमानाची ओळख कार्यावरूनच करतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वसुबंधू लगेच विचारतो: ते कारित्र धर्माहून वेगळं की तोच? तोच असेल तर धर्म सदैव असताना कार्य सदैव का नाही? याचं समाधानकारक उत्तर आम्हाला कुठे सापडलेलं नाही.

सापेक्षतेने 'आत्ता' खोटं ठरवलं का?

आधी एक गोंधळ दूर करू. सूर्य आपल्याला ८ मिनिटं २० सेकंदांपूर्वीचा दिसतो आणि चंद्र सुमारे १.३ सेकंदांपूर्वीचा. ही सापेक्षता नव्हे, हा प्रकाशाचा प्रवास. तो वजा केल्यावरही वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्यांमध्ये दूरच्या 'आत्ता'बद्दल जो मतभेद उरतो तो आइन्स्टाइनचा १९०५ चा शोध.

हा फरक किती, याचा हिशेब सोपा आहे: वेग गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. इंदूरहून उज्जैनकडे ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी घ्या, अंतर ५० किलोमीटर. उज्जैनला 'आत्ता' काय चाललं आहे याबद्दल गाडीतला प्रवासी आणि फलाटावरचा माणूस यांच्यात सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सुमारे १५ पट एवढा फरक पडतो. कोणालाच जाणवणार नाही. पण अंतर वाढवा. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्या दिशेने ताशी ५ किलोमीटरने चालणारा आणि उभा असलेला, यांच्या तिथल्या 'आत्ता'मध्ये चार दिवसांहून थोडा जास्त फरक पडतो. दोघांपैकी कोणाचं बरोबर हे ठरवणारी कोणतीही मोजणी नाही.

यावरून रीटडाइक यांनी १९६६ मध्ये आणि पटनम यांनी १९६७ मध्ये निष्कर्ष काढला की भविष्य आधीच आहे. हॉवर्ड स्टाइन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की हा निष्कर्ष एका लपलेल्या गृहीतावर उभा आहे: दूरच्या घटनांवर पसरलेलं एक 'आत्ता' असायलाच हवं. आमचं मत स्टाइनच्या बाजूचं आहे. एका चुलीवरच्या भाताची आठ कामं कोणत्या क्रमाने झाली याबद्दल कुठल्याही वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाचा मतभेद होत नाही, कारण ती एकाच ठिकाणी, कार्यकारणाने जोडलेली आहेत. वात्स्यायनाचं क्रियेवरचं वर्तमान टिकतं. कोसळतं ते साऱ्या विश्वावर एकाच वेळी पसरलेलं वर्तमान, आणि वैशेषिकांचा एक, विभू, सगळीकडे सारखा असा काळ त्याच्याबरोबर अडचणीत येतो.

उंचीवर घड्याळ खरंच वेगळं चालतं का?

हो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. इथलं अणुघड्याळ समुद्रसपाटीच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ५ अब्जांश सेकंद पुढे जाईल. जीपीएसच्या उपग्रहांवर हा फरक, वेगाचा परिणाम वजा करून, रोज ३८ दशलक्षांश सेकंदांचा होतो. तो दुरुस्त केला नाही तर नकाशातलं ठिकाण दिवसाला सुमारे १० किलोमीटरने सरकेल.

सगळी क्रिया थांबली तर काळ थांबेल का?

काळ क्रियेने 'व्यक्त होतो' म्हणजे तो क्रियेने 'बनतो' असं नाही. हे दोन वेगळे दावे आहेत. सिडनी शूमेकर यांचा १९६९ चा विचारप्रयोग इथे उपयोगी पडतो. जगाचे तीन प्रदेश. पहिला दर तिसऱ्या वर्षी वर्षभर गोठतो, दुसरा दर चौथ्या, तिसरा दर पाचव्या. शेजारचे प्रदेश हे पाहू शकतात, त्यामुळे नियम पक्का होतो. मग दर साठाव्या वर्षी तिन्ही एकदम गोठतील आणि पाहायला कोणी नसेल. तरीही वर्ष गेलं असं मानायला सबळ कारण आहे. यातली नाजूक जागा अशी की गोठण संपवतं कोण? वर्षभर काहीच घडलं नसताना शेवटच्या क्षणी सुरुवात का व्हावी, याचं कारण नुसत्या काळ जाण्यातच शोधावं लागतं. ते मान्य नसेल तर प्रयोगही मान्य करता येत नाही.

काळ किती वेगाने वाहतो?

'सेकंदाला एक सेकंद' हा वेग नव्हे. एकक एककाने भागलं की नुसता १ उरतो. एवढ्यावरून 'म्हणून काळ वाहत नाही' असं सिद्ध होत नाही. काळाला नदीचा हिशेब लावता येत नाही, इतकंच सिद्ध होतं.

'उद्या इंदुरात पाऊस पडेल' हे वाक्य आजच खरं किंवा खोटं असतं का?

ॲरिस्टॉटलने उद्याच्या आरमारी लढाईचं उदाहरण घेऊन हेच विचारलं. आजच खरं असेल तर उद्या पाऊस टळणार नाही, असं वाटतं. ते वाटणं चुकीचं आहे: 'खरं असेल तर पडेल' हे अटळ आहे, म्हणून 'पडेल' हे अटळ ठरत नाही. अटळपणा दोन वाक्यांच्या जोडीला लागतो, एकट्या वाक्याला लागत नाही.

ज्यांना तरीही भविष्य उघडं ठेवायचं आहे त्यांच्यासाठी तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांनी १९२० च्या सुमारास तिसरं मूल्य आणलं: खरं १, खोटं ०, अनिश्चित अर्धा. त्याची किंमत मोठी आहे. 'पडेल' अर्धा आणि 'पडणार नाही' अर्धा, तर त्यांच्या नियमाने 'पडेल किंवा पडणार नाही' हेही अर्धाच येतं, आणि ते तर नक्की खरं वाटतं. रिचमंड थॉमसन यांनी १९७० मध्ये ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. पुढे जाणाऱ्या सगळ्या शक्य फांद्या घ्या. जे वाक्य प्रत्येक फांदीवर खरं ते आज खरं, जे प्रत्येकीवर खोटं ते खोटं, बाकीचं अजून ठरलेलं नाही. मग 'पडेल किंवा पडणार नाही' आज खरं, आणि 'पडेल' अजून ठरायचं आहे. यात 'अमुक किंवा तमुक' खरं असताना दोन्हींपैकी एकही सुटं खरं नसतं. ज्यांना हे खटकतं त्यांनी भविष्य आत्ताच आहे असं मानावं किंवा लुकासिएविचची किंमत मोजावी.